सायाळ आणि वरची जाळरेषा

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी दाट झाडीचे एक रान होते आणि त्या रानात एक सायाळ राहत असे. सायाळ तुम्ही पाहिली नसेल कदाचित. तिलाच कुणी साळिंदर म्हणतात. अंगावर काळेपांढरे लांब काटे, तोंड मात्र अगदी भाबडे. जमीन उकरण्यात तिचा हात धरणारे त्या रानात कुणी नव्हते. पण मी तिची गोष्ट सांगणार आहे ती त्यासाठी नाही. उकरण्याहून कितीतरी अवघड असे एक काम तिने एका उन्हाळ्यात केले, म्हणून सांगणार आहे.

रानाच्या वर डोंगराचा उतार होता. उतारावर बांबूचे मोठे बन आणि त्याच्याही वर, माथ्यावर, गवताचे पठार. उन्हाळ्यात पठारावरचे गवत वाळून खडखडीत होई आणि दोन-चार वर्षांतून एकदा तिथे वणवा लागे. आग खाली रानात उतरू नये म्हणून प्राणी दर फाल्गुनात उताराच्या पायथ्याशी जाळरेषा काढत. जाळरेषा म्हणजे गवत, पाचोळा, काटक्या सगळे दूर करून उघडी केलेली मातीची लांब पट्टी. जळायला काही उरले नाही की आग तिथे येऊन थांबते.

हे काम पाच जणांकडे असे. गवा त्यांचा म्होरक्या. तो वयाने मोठा, ताकदीने मोठा, दिलेल्या शब्दाला पक्का आणि मळलेली वाट सहसा न सोडणारा. रानडुक्कर मुसंडी मारून जमीन उलथीपालथी करी. तो कष्टाला कधी मागे हटत नसे, पण बैठकीत बसायचे म्हटले की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. वानर झाडाच्या शेंड्यावरून टेहळणी करी. एका प्रश्नाला दहा उत्तरे काढण्यात त्याला भारी मौज वाटे. ससा सगळ्यांचे निरोप पोचवी. तो इतका भित्रा आणि इतका गोड, की कुणी काहीही म्हटले तरी आधी "हो" म्हणून मोकळा होई. पाचवी आपली सायाळ. चिवट मुळे कुरतडून तोडणे हे तिचे काम.

त्या वर्षी माघ संपताना सायाळीला बांबूच्या मुळांची चव बदललेली जाणवली. मुळांत रस राहिला नव्हता, चावताना नुसता भुसा तोंडात येई. तिने मान वर करून पाहिले, तर शेंड्यांवर फुलोऱ्याचे वाळलेले तुरे लोंबत होते. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलला की बेटेच्या बेटे वाळून जातात. सायाळीच्या अंगावरचे काटे उभे राहिले. आजवर हिरवागार, ओला बांबू वरच्या आगीला थोपवून धरायला मदत करत आला होता. आता तोच बांबू उतारावर रचून ठेवलेले सरपण झाला होता. तो पेटला तर त्याचे जळते तुकडे घरंगळत खाली येणार, पायथ्याची जाळरेषा ओलांडणार आणि थेट रानात पडणार. म्हणजे या वर्षी जाळरेषा खाली काढून भागणार नव्हते. ती वर, पठार आणि बांबू यांच्या मधे काढायला हवी होती.

दुसऱ्याच दिवशी दुपारी बेहड्याच्या झाडाखाली बैठक बसली. सायाळीने बोलायला सुरुवात केली. तिने मुळांपासून आरंभ केला, मग फुलोरा सांगितला, मग वाऱ्याची दिशा, मग मागच्या वणव्याची हकिकत, मग उताराची चढण, मग पाचोळ्याची जाडी. एकही गोष्ट खोटी नव्हती आणि एकही गोष्ट तिने गाळली नाही. ऊन तापले होते. गव्याच्या कानांभोवती माश्या घोंगावत होत्या आणि तो रवंथ करत डोळे मिटत होता.

"दर वर्षी आपण खालीच काढतो," सायाळ थांबल्यावर गवा म्हणाला. "माझ्या वडिलांनीही खालीच काढली. आग कधी रानात आली नाही."

"पण दादा, या वर्षी बांबू..."

"काम कुठून सुरू करायचं तेवढं सांगा," रानडुक्कर मधेच म्हणाला. "इथे बसून पाठ आंबली."

वानर फांदीवरून खाली वाकला. "वर म्हणजे नेमकं कुठे? कातळापाशी? खिंडीपाशी? की पठाराच्या पलीकडच्या कडेला? नाल्यातूनसुद्धा काढता येईल. आणि मी म्हणतो, दोन रेषा काढल्या तर? नाहीतर एक आडवी आणि एक तिरपी?"

ससा सायाळीकडे पाहून म्हणाला, "हो हो, बरोबर आहे." मग गव्याकडे पाहून म्हणाला, "हो हो, तेही बरोबर आहे."

बैठक उठली. काहीच ठरले नाही. आणि काही ठरले नाही म्हणून, दुसऱ्या दिवशी सकाळी रानडुकराने दर वर्षीसारखी पायथ्याचीच माती उकरायला घेतली.

सायाळीचा अगदी संताप झाला. "पालथ्या घड्यावर पाणी!" ती स्वतःशीच पुटपुटली. "एकालाही डोकं नाही. एवढं समजावून सांगितलं, एवढं खरं सांगितलं, आणि यांच्या कानावरची माशीसुद्धा हलली नाही." त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. काम सोडून ती आपल्या बिळाकडे निघाली.

उन्हाळ्याच्या दुपारी ससा तिच्या बिळात सावलीला येत असे. त्याच्यासाठी तिने उजवीकडे एक छोटी खोली करून दिली होती. पण ससा रोज चुकून डावीकडच्या बंद बोगद्यात शिरे, शेवटच्या दगडावर नाक आपटे आणि रडवेला होऊन मागे फिरे. त्या दुपारीही तसेच झाले. नाकाला ओरखडा घेऊन ससा बाहेर आला, तेव्हा सायाळ आधीच तापलेली होती.

"तुला किती वेळा सांगितलं? उजवीकडे वळ! रोज सांगते, रोज हो म्हणतोस आणि रोज डावीकडे जातोस!"

सशाचे कान खाली पडले. तो हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही सांगता तेव्हा मला कळतं. पण उन्हातून आत आलं की डोळ्यांपुढे अंधार होतो. काहीच दिसत नाही. मग पाय आपोआप उताराकडे जातात."

सायाळ काही बोलणार होती, पण थांबली. ती स्वतः बिळाच्या तोंडाशी उभी राहिली, डोळे मिटून घेतले आणि हळूहळू आत चालू लागली. खरेच की! डावीकडचा बोगदा खोलगट होता, उजवीकडची वाट चढणीची. पाय म्हणत होते डावीकडे चल. तिचेसुद्धा पाय तेच म्हणत होते. तिने बीळ खोदले होते, म्हणून ती कधी चुकली नव्हती, इतकेच.

उरलेली दुपार तिने त्याच कामात घालवली. डाव्या बोगद्याच्या तोंडाशी मातीचा उंच उंबरा घातला आणि उजवीकडची जमीन उकरून हलका उतार केला. दुसऱ्या दिवशी ससा आला. सायाळ एक शब्द बोलली नाही. ससा आत शिरला आणि सरळ आपल्या खोलीत जाऊन बसला.

"आज चुकला नाहीस?" तिने विचारले.

"चुकायचं काय होतं?" ससा म्हणाला. "वाटच इकडे येत होती."

सायाळीला आता उमगले. ससा मूर्ख नव्हता, तिने केलेली वाट चुकीची होती. मग बेहड्याखालच्या त्या बैठकीचे काय? तिथेही तिने एक लांबलचक, अंधारी वाट खोदली होती आणि चौघांनी नाक आपटल्यावर त्यांनाच बोल लावला होता.

मुलांनो, आपली चूक कळणे सोपे नसते आणि कळल्यावर गप्प बसून पुन्हा शिकायला लागणे त्याहून कठीण. सायाळीने ते केले. पुढचे चार दिवस ती पायथ्याशी सगळ्यांबरोबर मुकाट्याने मुळे तोडत राहिली. वरच्या जाळरेषेचे तिने नावही काढले नाही. ती फक्त पाहत होती.

गवा दुपारी कुणाचेच ऐकत नाही, पण सकाळी पाण्यावरून परतताना तो थंड असतो, हे तिने पाहिले. कानाने ऐकलेल्यापेक्षा खुराने चाचपलेल्यावर त्याचा विश्वास अधिक. वानरासमोर एकच गोष्ट ठेवली तर तो दहा नव्या काढतो. पण त्याला निवड करायला सांगितली की तो मन लावून विचार करतो. रानडुक्कर कामाला भीत नाही, पण काम किती झाले आणि किती उरले हे दिसले नाही तर तो चिडतो. आणि ससा "हो" म्हणतो, तेव्हा त्याला समजलेले असतेच असे नाही. पुष्कळदा तो फक्त घाबरलेला असतो.

पाचव्या दिवशी सकाळी गवा पाणी पिऊन परतत होता. सायाळ वाटेत उभी होती.

"दादा, जरा माझ्याबरोबर चढावर याल का? एक दाखवायचं होतं."

"चल की," गवा म्हणाला. दोघे बांबूच्या बनात शिरले. चार पावले गेली असतील नसतील, गव्याचा खूर एका आडव्या बांबूवर पडला आणि फटाका फुटावा तसा कडाड् असा आवाज झाला. एवढा मोठा गवा, पण दचकून बाजूला झाला. त्याने दुसरा पाय टाकला. पुन्हा कडाड्. त्याने हिरव्या दिसणाऱ्या एका कळकाला शिंग लावले, तर तोही वरून खालपर्यंत वाळलेलाच निघाला आणि मोडून पडला.

 सायाळीने नाकाने एक वाळका, गोल तुकडा उताराच्या कडेला ढकलला. तुकडा घरंगळू लागला. घरंगळत, उड्या मारत तो खाली गेला, रानडुकराने इतके दिवस खपून उकरलेल्या मातीच्या पट्टीवर आपटला, तिथून उसळला आणि पलीकडच्या पाचोळ्यात जाऊन पडला.

गवा खाली पाहत राहिला. मग तो म्हणाला, "हा पेटलेला असता तर?"

मुलांनो, अशा वेळी जिभेच्या टोकावर काय येते, ते तुम्हाला ठाऊक आहे. "मी तेव्हाच सांगत होते!" सायाळीच्याही जिभेवर ते आले होते. तिने ते गिळले. गव्याने स्वतःहून प्रश्न विचारला होता, आणि आता उत्तर शोधायलाही त्याचीच पावले पुरेशी होती.

"खालची रेषा उपयोगाची नाही," गवा सावकाश म्हणाला. "ती बांबूच्या वर हवी. आग बांबूला शिवताच कामा नये."

"हो दादा," सायाळ म्हणाली. "मग ती कुठून न्यायची, हे वानराला विचारू या का? त्याला वरून सगळं दिसतं."

वानर शेंड्यावर शेंगा सोलत होता. सायाळीने त्याला हाक मारली. "भाऊ, वरची रेषा दोन ठिकाणांहून नेता येईल. एक कातळाच्या कडेने. तिथे माती कमी, काम लवकर होईल. दुसरी खिंडीवरून. तिथे गवत दाट आहे, पण रेषा सरळ जाईल. मला कातळाची वाट बरी वाटते. तुम्हाला वरून काय दिसतं?"

वानराने शेंग टाकून दिली. तो सगळ्यांत उंच फांदीवर गेला आणि चांगला घटकाभर इकडून तिकडे पाहत राहिला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता.

"ताई, कातळाची नको. कातळाच्या खाचेत वाळलेली निवडुंगं आणि गवत अडकलंय, ते तुम्हाला खालून दिसत नाही. आग तिथून सरपटत येईल. खिंडीवरून न्या. तिथे गुरांची जुनी पायवाट आहे, अर्धी जमीन आधीच उघडी आहे."

सायाळीने क्षणभरही आपली वाट धरून ठेवली नाही. "मग खिंडीवरूनच," ती म्हणाली. पुढे तिने जाऊन पाहिले, तर वानराचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तिने सुचवलेल्या वाटेने रेषा नेली असती, तर घात झाला असता. तिच्या मनात आले, वानराला याआधी कुणी नीट विचारलेच नव्हते, आणि तरी त्याला सगळे वाचाळ म्हणत आले होते.

मग सशाची पाळी आली. बांबूच्या बनात भेकरे, रानकोंबड्या, मुंगुसे अशी कितीतरी कुटुंबे राहत. आग दिसली तर त्यांना सावध करायचे काम सशाचे. सायाळीने त्याला सगळे नीट सांगितले. वारा कुठून आला तर काय करायचे, कोणत्या वाटेने उतरायचे, पिल्लांना नाल्यापलीकडे कुठे न्यायचे.

"समजलं?"

"हो ताई."

सायाळीला चार दिवसांतले शिक्षण आठवले. "बरं, मग तू मला सांग. तू त्यांना काय सांगशील?"

ससा गडबडला. "की... वारा नाल्यात आहे?"

आधीची सायाळ असती तर ओरडली असती. आताची सायाळ हसली आणि म्हणाली, "चूक तुझी नाही रे. निरोपच फार लांब आहे. हे बघ, फक्त दोन शब्द लक्षात ठेव. नाला ओलांडा."

"नाला ओलांडा," ससा म्हणाला. तो दिवसभर उड्या मारत तेच म्हणत राहिला.

इतके सगळे छान झाले. पण गोष्ट इथे संपली असती, तर सायाळीचा मोठेपणा आपल्याला अर्धाच कळला असता. कारण एका ठिकाणी ती चुकली, आणि ती चूक साधी नव्हती.

रानडुकराने वरचे काम सुरू करण्याआधी विचारले होते, "किती लांब आहे?" खालची रेषा गव्याच्या चारशे पावलांची होती. वरची नऊशेची. सायाळीला हे माहीत होते. पण एवढे ऐकून रानडुक्कर पाठ फिरवील, अशी तिला भीती वाटली. म्हणून ती म्हणाली, "थोडंच आहे, सुरू तर कर. खिंड पार झाली की आलंच."

रानडुकराने सहा दिवस मान वर न करता मुसंड्या मारल्या. सहाव्या दिवशी खिंड पार झाली. त्याने डोके वर काढून पाहिले. पुढे, नजर पोचेल तिथवर, गवतच गवत होते. अर्धे कामही झाले नव्हते.

तो तिथेच खाली बसला. त्याच्या नाकाची साल निघाली होती आणि पायांच्या खुरांत खडे रुतले होते.

"सायाळ, इकडे ये," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच सायाळीला जास्त भीती वाटली. "तुला ठाऊक होतं ना, हे एवढं आहे ते?"

गवा, वानर, ससा सगळे थांबले. सायाळीला सहज म्हणता आले असते की मलाही अंदाज नव्हता. कुणाला खरे-खोटे कळले नसते.

"होतं," ती म्हणाली.

"दादाला तू चढावर नेलंस, वानराला तू विचारलंस, सशाला तू सोपं करून दिलंस. तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, ही आपल्याला ओळखते. आणि मला मात्र फसवलंस. म्हणजे त्या सगळ्या गोडव्याचा अर्थ काय धरायचा? आम्हाला हवं तिकडे वळवायची युक्ती?"

सायाळ पुढे आली. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "दादांना मी जे दाखवलं, ते तसंच होतं. वानरासमोर दोन वाटा ठेवल्या, त्या दोन्ही खऱ्या होत्या, आणि त्याने माझी नाकारली ती मी सोडून दिली. तुझ्या बाबतीत मात्र मी लपवलं. पूर्ण ऐकलंस तर येणार नाहीस, असं मीच ठरवून टाकलं. तुला ठरवू दिलं नाही. ती युक्तीच होती, आणि ती वाईट होती. माझं चुकलं."

 रानडुक्कर उठला आणि उतारावरून खाली निघून गेला.

त्या दिवशी कुणाचेच कामात लक्ष लागले नाही. सायाळीने मात्र एक केले. ओढ्याच्या पात्रातले पांढरे गोटे ती एकेक करून तोंडाने वर आणत राहिली. झालेल्या रेषेच्या कडेने तिने दर पन्नास पावलांवर एक गोटा ठेवला. मग उरलेल्या गवतातही, अगदी शेवटच्या टोकापर्यंत, तसेच गोटे ठेवले. मागे आठ गोटे झाले, पुढे दहा. शेवटचा गोटा ठेवला तेव्हा तिच्या दाढा दुखत होत्या.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर येताना रानडुक्कर आला. तो गोट्यांजवळ थांबला. मागचे मोजले, पुढचे मोजले. सायाळ लांब उभी होती. जवळ जाण्याचा तिला धीर झाला नाही.

"दहा," रानडुक्कर म्हणाला. "अठराच्या अठरा पहिल्या दिवशी सांगितले असतेस, तरी मी आलो असतो. शिव्या दिल्या असत्या, पण आलो असतो."

"आता कळलं मला," सायाळ म्हणाली.

"पुन्हा गोड बोलू नकोस. गोटे दाखव."

आणि त्याने मुसंडी मारली. एकेक गोटा मागे पडू लागला. गोटा ओलांडला की तो त्याला नाकाने एक ठोसा देई आणि पुढे जाई. सशाला त्यात इतकी गंमत वाटू लागली की तो धावत जाऊन प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा सांगे. गवा पुढे चालून गवत तुडवी, वानर वाळक्या फांद्या ओढून दूर टाकी, सायाळ मुळे तोडी. दहा गोटे आठ दिवसांत संपले.

रेषा पुरी होऊन पाच दिवस झाले होते. चैत्रातली दुपार होती. वानराने शेंड्यावरून हाळी दिली आणि सगळ्यांनी वर पाहिले. पठारावर धूर उठला होता. कुठून कशी ठिणगी पडली कुणास ठाऊक, पण वारा पठाराकडून रानाकडे सुटला होता आणि गवत पुरुषभर उंच ज्वाळांनी जळत होते.

ससा निघाला. या वेळी तो घाबरला नव्हता असे नाही.  पण त्याला दोनच शब्द सांगायचे होते, आणि ते भीतीतही विसरण्यासारखे नव्हते. "नाला ओलांडा! नाला ओलांडा!" बांबूच्या बनातून तो बाणासारखा गेला. भेकरीने पिल्लांना पुढे घातले, कोंबड्या फडफडत उतरल्या, मुंगुसे रांगेने निघाली. कुणी विचारत बसले नाही.

आग जाळरेषेपाशी आली. तिने डावीकडे चाचपले, उजवीकडे चाचपले. उघड्या मातीवर तिला खायला काही नव्हते. ज्वाळा खाली बसू लागल्या. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि जळत्या गवताचा एक झुपका रेषेवरून उडून बांबूच्या पहिल्याच बेटाशी पडला. वाळका पाला चरचरत पेटला.

रानडुक्कर तिथेच होता. सगळे मागे सरले तरी तो आपल्या रेषेवरून हलला नव्हता. त्याने डोके खाली घातले आणि एकामागून एक मुसंड्या मारत त्या आगीवर माती उडवली. त्याचे केस होरपळले, एक कान भाजला. गवा धावत आला आणि त्याने आपल्या चारही खुरांनी ती जागा तुडवून काढली. धूर राहिला. मग तोही राहिला नाही.

संध्याकाळी पठार काळे पडले होते. बांबूच्या एकाही कळकाला आच लागली नव्हती, आणि खाली रान होते तसे हिरवे होते. सायाळ ओल्या पानांचा लगदा रानडुकराच्या भाजलेल्या कानावर लावत होती. गवा सगळ्यांना सांगत होता, "मी त्या दिवशी बांबूवर पाय ठेवला ना, तेव्हाच मला सुचलं की रेषा वर हवी."

वानर सायाळीच्या कानाशी लागला. "ताई, सुचलं कुणाला होतं? तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"दादांनाच सुचलं," सायाळ म्हणाली. "मी बेहड्याखाली बोलले, ते कुणाच्या कामी आलं होतं का?" आणि ती पुन्हा पाला ठेचू लागली.

ही हकिकत डोंगरापलीकडे गेली. काही दिवसांनी शेजारच्या खोऱ्यातून एक सांबर आला. मोठी डौलदार शिंगे, चालीत ऐट.

"सायाळबाई, तुमचं फार नाव ऐकलं," तो म्हणाला. "माझ्या कळपात कुणाला काही कळत नाही. मी ओरडून ओरडून थकलो. विशेषतः एक म्हातारी सांबरी आहे. मी बोलायला लागलो की ती हटकून दुसरीकडे तोंड फिरवते आणि तिचं पाहून बाकीच्या फिरवतात. लोकांना आपलं म्हणणं पटवायची तुमची युक्ती मला सांगा."

"युक्तीने एकदा माझं तोंड पोळलंय," सायाळ म्हणाली. "मला सांगा, ती म्हातारी पाण्यावर कोणत्या वेळी येते?"

"ते मला काय ठाऊक?"

"चरते कुणाच्या शेजारी? चालताना कोणत्या अंगाने चालते?"

"बाई, मी उपाय विचारायला आलोय, म्हातारीची चौकशी करायला नाही."

"मग आधी आठ दिवस तिच्याबरोबर चरा. तिला काही सांगू नका. नुसतं पाहा."

सांबर रागावून गेला. एवढ्या लांब येऊन हात हलवत परतावे लागले, असे तो वाटभर बडबडत होता.

नवव्या दिवशी तो परत आला. ऐट नव्हती. तो सायाळीसमोर येऊन उभा राहिला.

"तिला उजव्या डोळ्याने दिसत नाही," तो म्हणाला. "मी इतकी वर्षं तिच्या उजव्या बाजूला उभा राहून बोलत होतो. ती तोंड फिरवत नव्हती, सायाळबाई. ती मला डाव्या डोळ्याने बघायला वळत होती."

या गोष्टीचे तात्पर्य एवढेच : समोरच्याला आपले म्हणणे कळले नाही, तर त्याच्या डोक्याला बोल लावण्याआधी आपली सांगण्याची रीत तपासून पाहावी, वाट सोपी जरूर करावी, पण तिची लांबी कधी लपवू नये.